एक पोतं, अकरा पदार्थ : बटाट्याच्या कॅफेतल्या एका ब्रंचचा प्रकरण अभ्यास

प्रसंग

सहा टेबलांचा छोटासा कॅफे. मेनूवर अकरा पदार्थ आणि अकराही बटाट्याचे. चालवणारं एक तरुण जोडपं : तो आत शेगडीपाशी, ती बाहेर टेबलांपाशी, आणि हाताखाली एक मुलगा. रविवारी सकाळी साडेदहाला आम्ही चौघं तिथे पोचलो. ताई, भावजी, त्यांची नऊ वर्षांची मुलगी आणि मी. मी स्वयंपाक शिकवते, आणि पदार्थ जमला का यापेक्षा तो का बिघडला हे शोधण्यात माझा जीव जास्त रमतो. पण त्या दिवशी मी काही तपासायला गेले नव्हते. भाचीला बटाटा जिवापाड आवडतो, तिचा हट्ट होता, म्हणून गेलो.

हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं, कारण आमच्या टेबलावर पाच पदार्थ आले. एक अप्रतिम होता, एक ठीक होता, दोन साफ फसले होते आणि एक चवीला बरा असला तरी मला काळजीत टाकणारा होता. आणि पाचही एकाच पोत्यातले. ‘बटाटाच तर आहे, त्यात बिघडायचं काय’ असं आपण सहज म्हणून जातो. त्या टेबलावर या वाक्याचा एकेक शब्द खोटा ठरत होता.

कॅफे मनापासून सजवलेला होता. एका भिंतीवर अँडीज पर्वतातल्या बटाट्यांचं मोठं चित्र होतं : जांभळे, लाल, काळपट, बोटांसारखे लांबुळके, खवल्याखवल्यांचे. खाली माहिती लिहिली होती. टिटिकाका सरोवराच्या परिसरात, आजच्या पेरू आणि बोलिव्हियाच्या डोंगराळ भागात, सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी माणसाने बटाटा लावायला सुरुवात केली. पेरूची राजधानी लिमा इथे १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र सुरू झालं आणि तिथे हजारो वाण जपून ठेवले आहेत. भाचीने हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, “मावशी, हे सगळे इथे खायला मिळतात?”

मालकीणबाई पाणी ठेवत होत्या. त्या हसून म्हणाल्या, “नाही गं बाळा, आमच्याकडे एकच येतो. पण चांगला येतो हं.”

ते उत्तर तेव्हा कानावरून गेलं. सगळ्या प्रकरणाचं एक टोक तिथे होतं. दुसरं टोक खिडकीत होतं : वेताच्या टोपल्यांमध्ये बटाटे सुंदर रचून ठेवले होते आणि त्यांच्यावर छान ऊन पडलं होतं.

टेबलावर काय आलं

आम्ही सांगितलं ते असं : लीक (कांद्याच्या कुळातली भाजी) आणि बटाट्याचं सूप, सालीसकट भाजलेला मोठा बटाटा चीज घालून, मशरूमबरोबर मॅश, म्हणजे कुस्करलेला बटाटा, अंडं ठेवलेली रोस्टी, म्हणजे किसलेल्या बटाट्याचं लोण्यात परतलेलं जाड धिरडं, आणि कागदी शंकूतल्या फ्राइज.

सूप आणि भाजलेला बटाटा पाच मिनिटांत आले. सूप ठीक होतं, त्याच्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. भाजलेल्या बटाट्यापाशी मात्र मी थबकले. एवढा मोठा बटाटा ओव्हनमध्ये २०० अंशांना भाजायला तासभर लागतो. तो पाच मिनिटांत आला, फॉइलमध्ये गुंडाळलेला आणि जेमतेम कोमट. म्हणजे कधीतरी आधीच भाजून ठेवलेला. कधी?

मॅश आला. चमचा उचलला तर तार सुटत होती. मीठ, लोणी, मिरपूड सगळं बेताचं होतं, पण तोंडात गेल्यावर टाळूला चिकटून बसायचा. कागद चिकटवायला खळ करतात ना, तशी खळ झाली होती.

मग रोस्टी आली, आणि त्या क्षणी मला त्या स्वयंपाक्याबद्दल आदर वाटला. कड जाळीदार, रंग मधासारखा, वर तळलेल्या कांद्याच्या फिकट सोनेरी चकत्या. सुरी लावली की कुरकुर आवाज यायचा आणि आत किसाचा प्रत्येक धागा सुटा, मऊ, लोण्याने ओला. अंड्याचा बलक त्यात झिरपला तेव्हा चौघांचेही चमचे एकदम पुढे आले.

सगळ्यात शेवटी, पस्तीस मिनिटांनी, फ्राइज. रंग गडद तपकिरी, टोकं जवळजवळ काळी. एवढ्या करपलेल्या फ्राइज निदान कडक तरी असाव्यात, पण एक उचलली तर तिने मान टाकली. चव आधी गोडसर, मागून कडवट. भाचीने दोन खाल्ल्या आणि शंकू हळूच भावजींकडे सरकवला.

कुठे चुकलं असेल?

काळपट फ्राइज बघून माझा पहिला अंदाज जळक्या, जुन्या तेलाचा. तो टिकला नाही, कारण रोस्टीवरच्या कांद्याच्या चकत्या त्याच तेलातून निघालेल्या होत्या आणि त्यांचा रंग निर्मळ होता, वासही स्वच्छ. मग वाटलं, तेल फार तापलं असेल. पण तसं झालं की बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. इथे आतला गर पूर्ण शिजलेला होता, नुसता ओलसर होता. पोतंच खराब निघालं म्हणावं तर रोस्टीही त्याच पोत्यातली.

उरला तो गोडवा. फ्राइजमध्ये साखर कोणी घालत नाही, ती बटाट्यातूनच आली होती. आणि बटाट्यात एवढी साखर व्हायला थंडी लागते.

मालकीणबाई विचारायला आल्या, “कसं वाटलं?” ताईने मला डोळ्यांनीच दटावलं. बाहेर जेवायला गेल्यावर मी तोंड उघडलं की तिला संकोच होतो. मी आधी रोस्टीचं कौतुक केलं, अगदी मनापासून. मग विचारलं, “बटाटे फ्रिजमध्ये ठेवता का?”

त्या चमकल्या. “हो. तीन आठवड्यांचे एकदम घेतो ना, मोड येऊ नयेत म्हणून सगळे आतच ठेवतो. पण तुम्हाला कसं कळलं?”

मी त्यांना फ्राइजची एक काडी खायला दिली आणि म्हटलं, “चहात घातल्यासारखी गोड लागते बघा.” त्यांनी खाल्ली, गप्प झाल्या, आणि आत जाऊन नवऱ्याला घेऊन आल्या. मंगळवारी कॅफे बंद असतो, त्या दिवशी याल का, असं दोघांनी विचारलं. मी गेले.

मंगळवार : आधी फॉइल

फ्राइजचा विषय त्यांच्या मनात होता, पण मी भाजलेल्या बटाट्यापासून सुरुवात केली. चवीच्या चुकीने फार तर गिऱ्हाईक नाराज होतं. या चुकीने माणूस दवाखान्यात जाऊ शकतो.

त्यांची पद्धत अशी होती : सकाळी आठला बटाटे भाजायचे, ओव्हन मोकळा करायचा म्हणून फॉइलसकट ओट्यावर काढून ठेवायचे, ऑर्डर येईल तसे द्यायचे. उरले तर फॉइलसकट तसेच राहायचे आणि दुसऱ्या दिवशी सूपमध्ये जायचे.

मातीतून आलेल्या बटाट्यावर बॉटुलिझमच्या, म्हणजे अंग लुळं पाडणाऱ्या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या, जिवाणूचे बीजाणू असू शकतात. भाजताना बटाट्याच्या आत तापमान पाण्याच्या उकळबिंदूच्या वर जात नाही, आणि तेवढ्याने ते बीजाणू मरत नाहीत. फॉइल हवा अडवते, आत ओलावा असतो, आंबटपणा जवळजवळ नसतो, आणि बटाटा तासन्‌तास कोमट राहतो. या जिवाणूला वाढायला आणखी काय हवं? १९९४ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या एल पासो इथे नेमकं हेच घडलं होतं. फॉइलमध्ये भाजलेले बटाटे बाहेरच्या तापमानाला राहिले, मग ते डिपमध्ये वापरले गेले आणि ३० जणांना बॉटुलिझम झाला.

ऐकताना तो ओट्यावरच्या फॉइलच्या गुंडाळीकडे बघत राहिला. “आम्हाला वाटायचं, झाकलेलं म्हणजे सुरक्षित,” तो म्हणाला. हा समज फार खोलवर असतो, आणि यात त्याचा दोष मी तरी धरत नाही. फॉइलशिवाय भाजायचं (साल खमंग होते तो वेगळाच फायदा), भाजलेला बटाटा ६३ अंशांच्या वर गरम ठेवायचा, आणि उरला तर लगेच चिरून, पसरून, निववून फ्रिजमध्ये टाकायचा, एवढं आम्ही तिथल्या तिथे ठरवलं.

खिडकीतल्या टोपल्यांचाही हिशेब त्याच दिवशी झाला. उन्हात ठेवलेला बटाटा हिरवा पडतो. हिरवा रंग नुसत्या हरितद्रव्याचा, त्याने काही होत नाही. पण ज्या उजेडाने तो रंग येतो, त्याच उजेडाने सोलॅनिन आणि चॅकोनिन ही कडू विषारी द्रव्यंही वाढतात. ताज्या बटाट्यात ती किलोला २०० मिलिग्रॅमच्या वर नसावीत असं सर्वसाधारणपणे मानतात, आणि उकडून-तळून ती नाहीशी होत नाहीत. सजावटीचे बटाटे आठवडा संपला की वाया जाऊ नयेत म्हणून सोलून वापरले जात होते. काटकसरीचा हेतू मला कळतो, तरी मी ते थांबवायला सांगितलं.

फ्रिजमधलं पोतं

फ्रिजचं तापमान ४ अंश होतं. पोतं तिथे अठरा दिवस होतं.

कच्चा बटाटा जमिनीतून निघाला तरी जिवंत असतो, श्वास घेत असतो. साधारण ६-७ अंशांच्या खाली तापमान गेलं की तो साठवलेला स्टार्च मोडून त्याची साखर करू लागतो. आधी सुक्रोज, मग त्यातून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. या शेवटच्या दोन साखरा तळताना बटाट्यातल्या अमिनो आम्लांशी जुळतात आणि तपकिरी रंग, खमंगपणा तयार होतो. थोड्या असल्या तर सोनेरी, जास्त असल्या तर काळपट आणि कडू. म्हणून फ्राइज आणि चिप्स करणारे कारखाने आपला बटाटा साधारण ७ ते १० अंशांत सांभाळतात, त्याहून गार करत नाहीत.

मग लिबलिबीत का? हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण याच्या उत्तरात स्वयंपाक्याची काहीच चूक नव्हती. फ्राय कुरकुरीत होते ती रंगाने नव्हे, वरच्या थरातलं पाणी वाफ होऊन निघून गेल्याने. त्याला वेळ लागतो. पण साखर जास्त असल्याने रंग दुसऱ्याच मिनिटाला आला, करपतंय म्हणून त्याने झारा घालून बाहेर काढलं, आणि पाणी आतच राहिलं. शिवाय गर्दीत टोपली गच्च भरलेली, म्हणजे तेल एकदम गार पडलेलं. वर कागदी शंकू, ज्यात वाफेला बाहेर पडायला वाट नाही. डोळे रंग बघत होते आणि डोळ्यांना साखरेने फसवलं.

रंगाचा प्रश्न नुसता चवीचाही नाही. त्याच साखरा आणि बटाट्यातलं अ‍ॅस्पॅरजिन हे अमिनो आम्ल यांच्यापासून तळताना, १२० अंशांच्या पुढे, अ‍ॅक्रिलामाइड हे कर्करोगाचा धोका वाढवू शकणारं द्रव्य तयार होतं. २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी हे उघड केलं आणि सगळं खाद्यजगत हादरलं. युरोपीय संघाचा २०१७ चा नियम आता छोट्या खानावळींनाही सांगतो, की बटाटा ६ अंशांच्या वर ठेवा, काप पाण्यात भिजवा किंवा गरम पाण्यातून काढा, १७५ अंशांच्या खाली तळा, रंग फिका सोनेरी ठेवा. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ब्रिटनच्या खाद्य मानक संस्थेने २०२३ मध्ये घरगुती साठवणीपुरता आपला जुना सल्ला बदलला आणि घरी बटाटे फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही असं म्हटलं. तेव्हा घरी भाजीचे चार बटाटे फ्रिजमध्ये असले तर कोणी घाबरून जाऊ नये. तीन आठवडे ४ अंशांत ठेवलेलं पोतं रोज तळणीत घालणं ही मात्र वेगळी बाब आहे. तिथे परिणाम ताटात दिसतो.

तीच थंडी, तीच साखर, आणि रोस्टी

मग रोस्टी एवढी सुंदर कशी झाली?

मी विचारलं तर तो जरा ओशाळून म्हणाला, “ताई, खरं सांगायचं तर रविवारी वेळ नसतो. म्हणून बटाटे शनिवारी रात्रीच सालीसकट उकडून फ्रिजमध्ये टाकतो. सकाळी नुसते किसायचे.”

त्याने सोय म्हणून जे केलं, तीच रोस्टीची मूळ रीत आहे. स्वित्झर्लंडमध्ये बर्नकडच्या शेतकऱ्यांचा हा न्याहारीचा पदार्थ, आणि आदल्या दिवशी उकडून गार केलेल्या बटाट्याची रोस्टी करणं तिथे जुनंच आहे. शिजताना बटाट्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. मग तो रात्रभर गार झाला की पुन्हा आवळतो, घट्ट होतो. असा बटाटा किसला तर धागे सुटे पडतात, किसणीला लगदा लागत नाही. ताजा उकडलेला किसून बघा, हातात गोळा येईल.

आणि ती साखर? ती रोस्टीच्या पथ्यावर पडली. मंद आच, लोणी, बारा-पंधरा मिनिटांचा निवांत वेळ, आणि रंग हवाच असलेला थर. आतून कोरडी व्हावी अशी रोस्टीकडून कोणाची अपेक्षाच नसते.

म्हणजे त्या एका फ्रिजने कच्चा बटाटा बिघडवला आणि उकडलेला सुधारला. हे वाक्य मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फळ्यावर खडूने लिहिलं, आणि माझ्या मते या प्रकरणातली शिकण्यासारखी गोष्ट ती हीच. कॅफेवाल्यांना बटाटा एक वस्तू वाटत होता. तो कच्चा, उकडलेला, भाजलेला, कुस्करलेला अशा प्रत्येक अवस्थेत वेगळा वागतो आणि प्रत्येक अवस्थेला वेगळी जागा, वेगळं तापमान लागतं.

मॅशची खळ

इथे दोन चुका एकमेकींत गुंतल्या होत्या. पहिली यंत्राची. शिजलेल्या बटाट्यात फुगलेला स्टार्च पेशींच्या पिशव्यांत बंद असतो. हाताने, बेताने कुस्करलं तर पिशव्या एकमेकींपासून सुटतात पण फुटत नाहीत. फूड प्रोसेसरची पाती त्या फाडतात, स्टार्च बाहेर सांडतो आणि खळ होते. सूपमध्ये हेच यंत्र चाललं, कारण तिथे पाणी भरपूर असतं. दुसरी चूक वाणाची, त्याच्याकडे वळतेच.

मी म्हटलं, “रविवारी मॅश बंदच करा. गर्दीत तो हाताने होणार नाही.” त्या दोघांच्यात जास्त बोलकी तीच. तिने साफ नकार दिला. दर रविवारी एक आजोबा येतात, दातांचा त्रास आहे, ते फक्त मॅश खातात. या कारणापुढे माझा सल्ला गैरलागू होता, आणि तिने तो नाकारला ते फार बरं केलं, कारण त्यामुळे आम्हाला खरा उपाय शोधावा लागला.

उपाय १९५० च्या दशकातला निघाला. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या फिलाडेल्फियाजवळच्या प्रयोगशाळेने वाळवलेल्या बटाट्याचे पापुद्रे करण्याची पद्धत बसवली तेव्हा त्यांच्यापुढे हीच चिकटपणाची अडचण होती. त्यांनी बटाट्याचे काप आधी ७० अंशांच्या आसपास वीसेक मिनिटं गरम पाण्यात ठेवले, मग गार पाण्यात निववले आणि त्यानंतर पूर्ण शिजवले. पहिल्या उष्णतेत स्टार्च फुगतो, निवताना आवळून बसतो आणि मग सहजी सांडत नाही. म्हणजे रोस्टीचंच तत्त्व. पहिला टप्पा शनिवारी संध्याकाळी उरकून काप फ्रिजमध्ये ठेवता येतात, रविवारी फक्त शिजवायचे आणि छिद्रांतून दाबून काढायचे. त्यासाठी सोऱ्यासारखं एक हातयंत्र मिळतं. मंगळवारीच करून बघितलं. तार सुटली नाही. मदतनीस मुलाने आधी लोणी, मग कोमट दूध घालून ढवळलं आणि तिघांनी पातेलं पुसून खाल्लं.

चित्रातले हजार, पोत्यातला एक

आता वाण. बटाट्यांचे ढोबळ दोन स्वभाव : पिठूळ आणि घट्ट गराचे. पिठूळ बटाट्यात स्टार्च जास्त, पाणी कमी. तळायला, भाजायला, मॅशला आणि न्योकीला (बटाट्याच्या इटालियन उकडगोळ्यांना) तो हवा. रसेट बरबँक किंवा मॅरिस पायपर या जातीचे. घट्ट गराचा, उदाहरणार्थ शार्लोट, सॅलडमध्ये आकार धरून राहतो पण त्याचा मॅश सहज चिकट होतो. युकॉन गोल्डसारखे काही दोन्हींच्या मधले. या कॅफेत अकरा पदार्थांना एकच घट्ट गराचा बटाटा होता. दिसायला फार देखणा, गुळगुळीत, म्हणूनच तर घेतला होता.

पोत्यावर वाणाचं नाव नसलं तरी ओळखता येतं. अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवायचं आणि बटाटा सोडायचा. पिठूळ जड असतो, तो बुडतो, आणि घट्ट गराचा तरंगतो. आम्ही बादली भरली आणि त्यांचा देखणा बटाटा टाकला. तो टुमकन वर आला.

आणि आम्ही चौघं

टेबलावरच्या एका गोष्टीचा दोष स्वयंपाकघरावर टाकता येत नाही. साडेअकराला आमच्यापुढे निम्मं अन्न शिल्लक होतं आणि भावजी म्हणाले, “भूक होती गं, पण आता घशाखाली उतरत नाही.” सिडनी विद्यापीठात १९९५ मध्ये ३८ पदार्थ सारख्या उष्मांकांचे खायला देऊन कोणत्याने पोट किती वेळ भरलेलं वाटतं हे मोजलं होतं. पांढऱ्या पावाला १०० धरलं, तर उकडलेला बटाटा ३२३ वर गेला, सगळ्यांत वरचा. फ्राइज ११६ वर राहिल्या. आम्ही सूप, भाजलेला आणि मॅश असे तीन पदार्थ आधी खाल्ले होते, तेही सगळे मऊ, फिकट आणि स्निग्ध. चावायला काही नाही, आंबट काही नाही. पोट भरण्याआधी जीभच कंटाळली होती.

अशा ठिकाणी चौघांनी बटाट्याचे तीन पदार्थ घ्यावेत, त्यांत एक कुरकुरीत, एक मऊ, आणि तिसरा गार, आंबटसर ड्रेसिंगमधला. बाकी काकडी, पालेभाज्यांचं सॅलड, लोणवलेलं काहीतरी, अंडं. पण हे गिऱ्हाइकाने ओळखावं अशी अपेक्षा धरण्यापेक्षा मेनूनेच ते करावं. या कॅफेच्या मेनूवर आंबट म्हणावा असा एकही पदार्थ नव्हता, आणि अकरापैकी आठ मऊ.

सहा आठवड्यांनंतर

मेनू आठ पदार्थांवर आला होता. दोन पोती, दोन प्रकारचे बटाटे, जिन्याखालच्या अंधाऱ्या, हवेशीर जागेत, दर आठवड्याला नवे. फ्रिजमध्ये आता फक्त उकडलेले. प्रत्येक ताटलीत लोणवलेला कांदा आणि काकडी न मागता येत होती. खिडकीतल्या टोपल्यांत रंगवलेले मातीचे बटाटे होते, भिंतीवरच्या चित्रातल्यासारखे जांभळे आणि लाल.

सगळं मात्र सुरळीत झालं नव्हतं. फ्रिजमधलं जुनं पोतं त्यांनी माझ्या सांगण्यावरून दोन आठवडे बाहेर ठेवून पाहिलं, कारण उबेत साखर पुन्हा काही प्रमाणात कमी होते. झाली, पण सगळ्या बटाट्यांत सारखी नाही. निम्म्यांना मोड आले आणि ते टाकून द्यावे लागले. मी त्यांना याची पूर्वकल्पना द्यायला हवी होती. दुसरं म्हणजे फ्राइज. आता ते काप गरम पाण्यातून काढून, आधी १५० अंशांना आणि मग १७५ च्या जरा खाली असे दोनदा तळतात, टोपली अर्धीच भरतात आणि उघड्या ताटलीत देतात. फ्राइज उत्तम होतात, पण रविवारी सव्वाबारालाच संपतात. आमच्यासमोर एक टेबल त्यावरून उठून गेलं आणि मालकीणबाईंचा चेहरा पडला. फ्रायर एकच, जागा तेवढीच. मला विचारलं तर मी संपल्याची पाटी लावणंच पसंत करीन, पण भाडं मला भरायचं नसतं हेही मला कळतं.

आजोबा कोपऱ्यातल्या टेबलावर मॅश खात होते.

आम्ही निघणार तेवढ्यात तो आतून एक छोटी ताटली घेऊन आला. दोन तळलेले काप, दोन वेगळ्या पोत्यांतले, रंगाला जवळजवळ सारखे. ताटली त्याने भाचीपुढे ठेवली. तिने दोन्ही सावकाश चावून खाल्ले, डोळे मिटून विचार केला आणि डावीकडे बोट दाखवलं. “हा गोड आहे.”

“कालचं पोतं,” तो म्हणाला. “दुकानदाराकडेच गार राहिलं असणार.” आणि ते पोतं रोस्टीसाठी बाजूला काढायला तो आत गेला.